पदकं कोणी ठरवली, याद्या कोणी छापल्या? १८५१च्या लंडन प्रदर्शनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रिस्टल पॅलेसमधलं देशोदेशींच्या मालाचं ते प्रदर्शन म्हटलं की लोकांना काचेची इमारत आठवते, नाहीतर कोहिनूर. मला आठवते ती तिथली कारकुनी. सुमारे १४ हजार प्रदर्शकांच्या लाखभर वस्तूंना क्रमांक द्यायचे, त्यांची यादी छापायची, मग त्यातली कोणती वस्तू पदकाच्या लायकीची ते ठरवायचं. हे काम त्याआधी एवढ्या मोठ्या प्रमाणावर कोणीच केलं नव्हतं. गाजावाजा इमारतीचा झाला, पण नंतरच्या प्रदर्शनांनी उचलली ती ही कारकुनी. तिच्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

हे प्रदर्शन नेमकं कधी आणि कुठे झालं?

लंडनच्या हाइड पार्कमध्ये. १ मे १८५१ रोजी राणी व्हिक्टोरियाने उद्घाटन केलं आणि ११ ऑक्टोबरला लोकांसाठी दारं बंद झाली. तेवढ्या काळात ६० लाखांवर लोक आत जाऊन आले. क्रिस्टल पॅलेस या इमारतीचा आराखडा जोसेफ पॅक्स्टनचा. कारभार एका शाही आयोगाकडे होता आणि त्याचे अध्यक्ष होते राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट. धावपळ मात्र हेन्री कोल आणि लायन प्लेफेअर या दोघांच्या वाट्याला आली.

विजेत्यांना रोख बक्षिसं का दिली नाहीत?

आधी द्यायचीच होती. सुरुवातीला मंडे नावाच्या ठेकेदारांशी करार झाला होता. त्यात २० हजार पौंडांचा बक्षीस निधी होता, आणि पहिलं बक्षीस ५ हजार पौंडांचं असावं अशी कल्पना होती. १८५० साली शाही आयोग आला, तो करार मोडला आणि रोख बक्षिसंही गेली. माझ्या मते ते बरंच झालं. ५ हजार पौंड ही त्या काळी एखाद्याचं आयुष्य पालटणारी रक्कम. ती लोखंडाच्या तुळईला द्यायची की रेशमाच्या ठाणाला, यावरून दिवाणी दावे उभे राहिले असते. ब्राँझच्या पदकावरूनसुद्धा किती रुसवेफुगवे झाले ते पुढे येतंच.

पदकं किती प्रकारची होती?

बक्षिसाची दोन. कौन्सिल मेडल म्हणजे मोठं पदक, ते सुमारे १७० जणांना मिळालं. प्राइझ मेडल २,९०० च्या वर गेली. त्याखाली नुसता सन्माननीय उल्लेख, त्यात हातात पदक नाही. यांशिवाय प्रत्येक प्रदर्शकाला भाग घेतल्याचं छोटं पदक होतं आणि परीक्षकांसाठी वेगळं पदक होतं. सगळी ब्राँझची. सोनं-चांदी मुद्दाम टाळली होती, म्हणजे धातूवरून पायरी ठरवायला कोणाला जागा राहू नये. दर्शनी बाजूची राणीची आणि अल्बर्टची मुद्रा विल्यम वायन यांनी कोरली. मागच्या बाजूंसाठी खुली स्पर्धा ठेवली होती. मोठ्या पदकाची मागची बाजू पॅरिसच्या बोनार्देल यांची आहे, प्राइझ मेडलची लिओनार्ड वायन यांची.

मग कौन्सिल मेडल म्हणजे पहिला नंबर आणि प्राइझ मेडल म्हणजे दुसरा, असंच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. आयोगाचं उत्तर होतं ‘नाही’, आणि लोकांनी ते कधीच मानलं नाही.

आयोगाची कल्पना अशी होती: प्राइझ मेडल ही स्पर्धा नव्हे, ती परीक्षा. कामाचा ठरावीक दर्जा गाठला की पदक मिळणार, मग एका वर्गात एकालाही न मिळो वा पन्नास जणांना मिळो. शाळेतल्या प्रथम श्रेणीसारखं, त्यात पहिला-दुसरा क्रमांक नाही. कौन्सिल मेडल वेगळ्याच गोष्टीसाठी होतं. नवा शोध, नवी पद्धत, एखाद्या उद्योगाला नवी दिशा देणारी कल्पना. माल कितीही सुबक असला तरी त्यात नवं काही नसेल तर मोठं पदक नाही.

कागदावर हे चोख आहे. पण एक पदक मोठं, एक लहान, एक १७० जणांना, दुसरं जवळजवळ ३ हजारांना. माणसं काय समजायची ती समजलीच. खुद्द परीक्षकही गोंधळले. पियानोचा किस्सा प्रसिद्ध आहे. संगीतवाद्यांच्या परीक्षक मंडळात संगीतकार बर्लिओझ होते. त्या मंडळाने लंडनच्या ब्रॉडवूड कंपनीची मोठ्या पदकासाठी शिफारस केली, पण वरच्या, सर्व मंडळांच्या अध्यक्षांच्या परिषदेत ती टिकली नाही. मोठं पदक गेलं पॅरिसच्या एरारकडे, कारण त्यांच्या पियानोच्या यंत्रणेत शोधाचा भाग होता. नियमाने पाहिलं तर निकाल बरोबर होता. ब्रॉडवूडच्या चाहत्यांना ते कसं पटणार?

परीक्षक कोण होते?

तीनशेहून अधिक माणसं, निम्मी ब्रिटिश आणि निम्मी परदेशी. हे निम्मं-निम्मं फार विचार करून ठरवलं होतं, कारण यजमानच आपल्या घरच्यांना वाटून घेतील ही शंका पहिल्या दिवसापासून होती. प्रत्येक वर्गाला एक मंडळ. त्या मंडळाने प्राइझ मेडल सुचवायचं आणि संबंधित मंडळांच्या गटाने ते कायम करायचं. मोठ्या पदकाचा निर्णय सर्व मंडळांच्या अध्यक्षांच्या परिषदेकडे होता, म्हणूनच त्याचं नाव कौन्सिल मेडल.

परीक्षकाचाच माल प्रदर्शनात असला तर?

तो आणि त्याची भागीदारी असलेली पेढी त्या वर्गातल्या स्पर्धेतून बाद. नियम सरळ होता, पण त्याची किंमत मोठी होती. ज्या माणसाला धंद्यातलं सगळ्यात जास्त कळतं त्यालाच परीक्षक करायचं, आणि परीक्षक केलं की त्याचा माल पदकाला मुकणार.

वस्तू नुसत्या बघून पदकं दिली, की चालवूनही पाहिल्या?

काही चालवून पाहिल्या. मॅकॉर्मिकचं कापणीयंत्र हे त्यातलं गाजलेलं उदाहरण. अमेरिकेने जागा भरपूर मागून घेतली होती आणि ती भरायला मालच पुरेना, त्यामुळे त्या विभागाची टर उडत होती. त्यात हे ओबडधोबड यंत्र. वर्तमानपत्रात त्याची तुलना सर्कशीतला रथ, हातगाडी आणि उडतं यंत्र यांच्या मिश्रणाशी झाली. जुलैत परीक्षक ते एसेक्समधल्या टिपट्री इथल्या मेची यांच्या शेतावर घेऊन गेले. पाऊस, गहू अजून हिरवा आणि ओला. दुसरं अमेरिकी यंत्र, हसीचं, त्यात अडकलं. मॅकॉर्मिकच्या यंत्राने ७० सेकंदांत ७४ यार्ड कापणी केली. मोठं पदक मिळालं आणि टर बंद झाली.

कुलुपांची गोष्ट मात्र परीक्षकांच्या चौकटीबाहेर घडली. हॉब्ज नावाच्या अमेरिकी कारागिराने चब या नामांकित इंग्रज कुलूपवाल्यांचं कुलूप उघडलं आणि पुढे तशाच ब्रामाचंही. ब्रामाच्या दुकानाच्या काचेत ते कुलूप वर्षानुवर्षं २०० गिन्नींच्या आव्हानासह लटकत होतं. हॉब्जला त्यासाठी १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले.

परीक्षक किंमत विचारात घेत होते का?

घ्यायला हवी होती, पण वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावायलाच बंदी होती. हे प्रदर्शन आहे, बाजार नव्हे, हा आग्रह. गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यावर भयंकर चिडले आणि त्यांनी त्याच वर्षी छापून टीका केली. त्यांचं म्हणणं साधं होतं: चादर चांगली की वाईट हे ती चार रुपयांची की चाळीसची ते कळल्याशिवाय कसं सांगणार? (रुपये माझे.) बॅबेज यांचं स्वतःचं गणनयंत्र प्रदर्शनात घेतलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या टीकेत थोडी वैयक्तिक कडू चवही आहे. तरी मुद्दा त्यांचाच खरा. स्वस्त आणि टिकाऊ माल बनवणाऱ्यावर या नियमाने अन्याय झाला, आणि नुसत्या देखण्या मालाचं फावलं.

एकूण वर्ग किती, आणि ते कोणी पाडले?

तीस. अल्बर्ट यांच्या मनात चार मोठे विभाग होते: कच्चा माल, यंत्रं, तयार माल आणि कला. कल्पना तत्त्वज्ञाला शोभणारी, पण कारखानदाराला त्यावरून आपली जागा सापडेना. प्लेफेअर यांनी व्यापाऱ्यांना समजेल अशी विभागणी केली. पहिला वर्ग खाणी आणि खनिजांचा, अकरावा सुताचा, तेविसावा दागिने आणि मौल्यवान धातूंचा, चोविसावा काचेचा, तिसावा कलेचा. कलेच्या वर्गात शिल्पं चालत, रंगवलेली चित्रं नाही.

काही वर्ग म्हणजे निव्वळ भेळ. दहाव्या वर्गात दुर्बिणी, घड्याळं, शस्त्रक्रियेची हत्यारं आणि पियानो एकत्र. संगीतासाठी म्हणूनच वेगळं उपमंडळ नेमावं लागलं. एकोणतिसावा वर्ग म्हणजे ‘इतर’: साबण, मेणबत्त्या, खेळणी, कागदी फुलं. पण पदकाचं निम्मं भवितव्य या वर्गवारीतच ठरत होतं. तुमची वस्तू कोणत्या वर्गात लिहिली गेली, त्यावर ती कोणाशेजारी तोलली जाणार आणि तोलणारा कोण, हे ठरायचं.

एक गुंता शेवटपर्यंत सुटला नाही. ब्रिटिश माल वर्गवार मांडला होता, परदेशी माल देशवार. यादीतही तेच. म्हणजे रेशमाच्या परीक्षकाला ब्रिटिश रेशीम एका जागी सापडणार, पण फ्रान्सचं, ऑस्ट्रियाचं, तुर्कस्तानचं शोधत इमारतीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पायपीट. इमारत साडेपाचशे मीटरहून लांब होती.

कॅटलॉग एकच होता का?

छे! अधिकृत छोटा कॅटलॉग एक शिलिंगचा, त्यात नाव, गाव, वस्तू आणि क्रमांक, एवढंच. तो जर्मन आणि फ्रेंचमध्येही निघाला. मोठा सचित्र वर्णनात्मक कॅटलॉग तीन जाडजूड खंडांचा, संपादक रॉबर्ट एलिस. त्यात प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन, वनस्पतिशास्त्रज्ञ लिंडली अशा जाणकारांच्या टिपा घातल्या होत्या. याशिवाय खाजगी प्रकाशकांची सचित्र पुस्तकं आणि स्वस्त मार्गदर्शिका होत्याच.

२६ मेपासून सोमवार ते गुरुवार प्रवेश एक शिलिंगचा झाला, म्हणजे छोट्या कॅटलॉगची किंमत तिकिटाएवढी. गिरणीकामगार बायकोमुलांसह आला की कॅटलॉग घेणार की आणखी एकाचं तिकीट काढणार? बहुतेकांनी यादीशिवायच पाहिलं असणार.

छपाईचा खर्च कोणाचा?

ठेकेदारांचा. कागदवाले स्पायसर बंधू आणि छापखानेवाले क्लोझ यांनी हक्काचे पैसे आयोगाला मोजून कॅटलॉग काढला आणि वसुलीसाठी त्यात भरपूर जाहिराती घातल्या. खाण्यापिण्याचा ठेका असाच सोडावॉटरवाल्या श्वेप्सने साडेपाच हजार पौंड देऊन घेतला होता.

इतक्या लोकांची माहिती गोळा कशी केली?

छापील अर्जांवर. चारही विभागांचे अर्ज वेगवेगळ्या रंगांत, म्हणजे हातात येताच कोणत्या ढिगाऱ्यात टाकायचा ते कळावं. प्रदर्शकाने आपल्या वस्तूचं वर्णन स्वतः लिहायचं. आता आपल्याच मालाबद्दल कोण हात आखडता घेऊन लिहील? पानभर स्तुती यायची आणि संपादक ती दोन ओळींवर आणायचे. अक्षर लागत नाही, परदेशी नावं कशी लिहायची ते माहीत नाही, कोणी अर्जच पाठवलेला नाही. मोठ्या कॅटलॉगमधल्या चित्रांचे ठसे प्रदर्शकांनी पुरवायचे होते, त्यामुळे ज्याच्या गाठीला पैसा त्याची चित्रं जास्त. आज ते खंड चाळताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. चित्र आहे म्हणजे वस्तू महत्त्वाची होती असं नाही.

त्यात चुका खूप होत्या असं ऐकलं, खरं का?

खरं. उद्घाटनाच्या आदल्या रात्रीपर्यंत छपाई चालू होती, आणि माल तर नंतरही येत राहिला. रशियाचा माल बाल्टिक समुद्रातल्या बर्फामुळे उशिरा पोहोचला. आहे ते यादीत नाही आणि यादीत आहे ते जागेवर नाही, अशी पहिल्या आवृत्तीची गत. सुधारलेल्या आवृत्त्या सप्टेंबरपर्यंत निघत होत्या. लग्नाची पत्रिका ज्याने शेवटच्या दिवशी छापून घेतली आहे, तो यावर फार हसणार नाही.

निकाल कधी लागला?

१५ ऑक्टोबरला, म्हणजे लोकांसाठी प्रदर्शन बंद झाल्यावर. यात शहाणपण होतं. आधी जाहीर केलं असतं तर मांडणीवर पदकांच्या पाट्या लागल्या असत्या, आणि ज्यांना मिळालं नाही त्यांनी उरलेले महिने तोंड पाडून काढले असते. परीक्षकांचे सविस्तर अहवाल १८५२ साली छापून आले. मोजक्या भेटप्रतींत १५५ छायाचित्रं चिकटवली होती, आणि त्यामुळे छायाचित्रणाच्या इतिहासातही त्या अहवालाला मोठा मान आहे.

हिंदुस्थानातल्या वस्तूंना पदकं मिळाली का?

मिळाली. पण कोणाला, ते नीट पाहायला हवं.

हिंदुस्थानचा विभाग ईस्ट इंडिया कंपनीने भरवला होता आणि मांडणी जॉन फोर्ब्स रॉइल यांच्याकडे होती. कापूस, नीळ, धान्यं, लाकडाचे नमुने, शाली, मलमल, शस्त्रं, दागिने, हस्तिदंती काम. कापडाच्या नक्षीने ब्रिटिश जाणकार अक्षरशः खजील झाले. ओवेन जोन्स आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी स्पष्ट लिहिलं की रंगसंगती आणि नक्षीची शिस्त या कारागिरांकडून शिकण्यासारखी आहे, आपल्या यंत्रावरच्या मालात ती नाही. ही दाद अहवालात छापली गेली.

मोठं पदक मात्र गेलं ईस्ट इंडिया कंपनीला. कारण सोपं आणि त्यामुळेच बोचरं. पदक प्रदर्शकाला द्यायचं, प्रदर्शक म्हणजे यादीत ज्याचं नाव तो, आणि यादीत नाव कंपनीचं. मँचेस्टरच्या कापडापुढे मालकाचं नाव आणि पत्ता छापलेला. आपल्याकडच्या कापडापुढे बहुतेक ठिकाणी फक्त गावाचं किंवा प्रांताचं नाव, नाहीतर ते पाठवणाऱ्या संस्थानिकाचं. विणणारा कोष्टी, मिना भरणारा सोनार, हस्तिदंत कोरणारा कारागीर यांनी तो रंगीत अर्ज कधी पाहिलाच नव्हता. परीक्षकांनी त्यांना डावललं असंही म्हणता येत नाही. त्यांच्यापुढे ती माणसं आलीच नाहीत.

म्हणून मला पदकांच्या यादीपेक्षा कॅटलॉग वाचण्यात जास्त रस आहे.

कोहिनूरला पदक मिळालं का?

नाही. तो कोणी बनवलेला माल नव्हता. पिंजऱ्यात ठेवला होता, बघायला झुंबड उडाली आणि बहुतेक जण नाराज होऊन परतले. जुन्या पैलूंमुळे तो हवा तसा चमकेना. दिवे लावून पाहिले, तरी नाही. पुढच्या वर्षी त्याला नव्याने पैलू पाडले आणि १८६ कॅरेटचा हिरा १०६ कॅरेटच्या आसपास आला.

आणि हिंदुस्थान विभागात उभा केलेला तो हत्ती?

मुर्शिदाबादच्या नवाबाकडून अंबारी आली, पण ती चढवायला हत्ती नव्हता. इंग्लंडमधल्या सॅफ्रन वॉल्डनच्या संग्रहालयातून पेंढा भरलेला हत्ती मागवला. तो निघाला आफ्रिकी. कान पाहून आपल्याकडच्या शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं.

खुद्द अल्बर्ट यांनाही पदक मिळालं म्हणतात?

हो, कामगारांच्या घरांच्या नमुन्यासाठी, तेही मोठं पदक. पॅक्स्टन यांनाही मिळालं. अध्यक्षांनाच पदक, म्हणून कुजबुज व्हायची ती झालीच.

१८६२च्या प्रदर्शनात हे नियम बदलले का?

बदलले, आणि बदल पाहिले की १८५१ साली काय खटकलं ते कळतं. साउथ केन्सिंग्टनच्या त्या प्रदर्शनात पदक एकाच दर्जाचं ठेवलं आणि सुमारे ७ हजार वाटली. वर्ग ३६ झाले. निकाल जुलैत, म्हणजे प्रदर्शन चालू असतानाच. हिंदुस्थान विभागाची स्वतंत्र वर्गवार यादी फोर्ब्स वॉटसन यांनी तयार केली. मधल्या १८५५च्या पॅरिस प्रदर्शनाने मात्र पदकांच्या उतरंडीचा मार्ग धरला होता. बोर्दोच्या वाइनची प्रसिद्ध प्रतवारी त्याच निमित्ताने झाली आणि ती अजून चालते.

मुंबईशी याचा काही संबंध?

आहे, आणि भायखळ्याला जाऊन बघता येतो. परदेशातल्या या प्रदर्शनांसाठी मुंबई इलाख्यातून वस्तू जमवल्या गेल्या. १८५५च्या पॅरिस प्रदर्शनाच्या वेळी त्याच वस्तूंचे दुसरे नमुने इथे ठेवून संग्रहालय उभं करायचं ठरलं. ते १८५७ साली लोकांसाठी उघडलं. राणीच्या बागेतली आजची इमारत १८७२ची. जॉर्ज बर्डवूड या संग्रहालयाचे क्युरेटर होते, आणि डॉ. भाऊ दाजी लाड व जगन्नाथ शंकरशेट यांनी या कामासाठी खटपट केली. १९७५ साली संग्रहालयाला भाऊ दाजींचं नाव मिळालं. तिथली जुनी काचेची कपाटं आणि वर्गवार मांडलेले नमुने पाहताना प्लेफेअर यांची तीस वर्गांची यादी आठवल्याशिवाय राहत नाही.

दुसरा धागा पैशाचा. १८५१च्या प्रदर्शनात १ लाख ८६ हजार पौंड उरले. त्यातून साउथ केन्सिंग्टनची जमीन घेतली गेली आणि आयोग पुढे संशोधनासाठी शिष्यवृत्त्या देऊ लागला. १९३६ साली मुंबईच्या होमी भाभांना त्यातलीच एक मिळाली होती.

माझ्याकडे १८५१चं पदक आहे. ते बक्षिसाचं की नुसतं भाग घेतल्याचं, कसं ओळखू?

आधी मोजपट्टी लावा. कौन्सिल मेडलचा व्यास ८९ मिलिमीटर, प्राइझ मेडलचा ७७, परीक्षकांच्या पदकाचा ६४, प्रदर्शकाच्या पदकाचा ४५च्या आसपास. मग पदक आडवं धरून कड उजेडात फिरवा. बक्षिसाच्या पदकाच्या कडेवर पदकाचा प्रकार, विजेत्याचं नाव आणि वर्गाचा क्रमांक ठोकलेला असतो. नाव मिळालं तर कॅटलॉगमध्ये त्या वर्गाखाली ते शोधा, वस्तू कोणती होती तेही सापडेल. आणि पदक ब्रासोने घासू नका. ब्राँझवरची जुनी तपकिरी झाक एकदा गेली की परत येत नाही.